मागे सरणारा बास

क्लबमधल्या गाण्यात किक ड्रमचा ठोका पडला की बास क्षणभर दबतो आणि लगेच वर उसळतो. सगळं गाणं श्वास घेत असल्यासारखं वाटतं. मिक्सिंग करणारे याला साइडचेन म्हणतात. ही करामत संगणकाची नाही. तिचा माग काढत गेलं की आपण थेट ग्रामोफोनच्या कर्ण्यापाशी पोचतो.

1902 मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जान कर्ण्यासमोर गायल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता. तोल सांभाळायचा तो अंतराने: गाणारा कर्ण्याला चिकटून, दणदणीत वाद्य लांब. त्या काळी तार सूर लावताना गायकाला चक्क मागे सरावं लागे.

1925 मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि पावलांचं काम गोल बटणांकडे गेलं. पण एका हाताने एका वेळी बटणं फिरवणार किती? तरुणपणी मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले टॉम डाउड न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये होते. त्यांनी बटणांच्या जागी सरकते फेडर बसवले. आता दहा बोटांखाली दहा आवाज आले, पेटीच्या पट्ट्यांसारखे.

तरीही फेडरला वाद्य केलं ते जमैकातल्या किंग टबी यांनी. किंग्स्टनमध्ये रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा हा माणूस. 1970 च्या दशकात, अवघ्या चार ट्रॅकवर, ते गायकाचा आवाज अर्ध्या ओळीवर ओढून घेत आणि ड्रम-बास तेवढे उरू देत. वाद्यांच्या साथीने गाणं चालायचं. इथे साथच गाणं झाली. आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं घराणं सांगायचं तर मी टबींपासून सुरुवात करीन.

साइडचेनची एक शाखा ही हातांची, दुसरी रेडिओची. निवेदक बोलू लागला की मागचं संगीत कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं यंत्र, आपोआप खाली दाबतं. नृत्यसंगीताने निवेदकाच्या जागी किक बसवली, कारण किक आणि बास दोघांचा जीव शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. एकत्र वाजले की नुसता गोंधळ. 2004 च्या डीजे एरिक प्रिड्झ यांच्या 'कॉल ऑन मी'मध्ये ही माघार लपवलेलीच नाही, तोच गाण्याचा झोका आहे.

घरी मिक्स करणाऱ्यांना एवढंच सांगेन: किक ऐकू येत नसेल तर तिचा फेडर वर नेऊ नका. आधी बास खाली घ्या.