फातोर्डा स्टेडियम
फातोर्डा स्टेडियम (अधिकृत नाव : पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम). दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात, मडगाव शहराला लागून असलेल्या फातोर्डा येथील क्रीडांगण. नेहरूंच्या जन्मशताब्दी वर्षात, 1989 मध्ये ते सुरू झाले. मालकी गोवा क्रीडा प्राधिकरणाकडे असून सुमारे 19,000 प्रेक्षक येथे बसू शकतात. गोव्याच्या फुटबॉलचे हे प्रमुख मैदान आहे.

पार्श्वभूमी : गोव्यात फुटबॉल रुजवण्याचे श्रेय 1883 मध्ये शिवोली येथे आलेले ब्रिटिश धर्मगुरू विल्यम रॉबर्ट लायन्स यांना दिले जाते. पुढे हा खेळ गावोगावच्या मैदानांवर वाढला आणि 2012 मध्ये राज्य शासनाने त्याला गोव्याचा राज्यखेळ म्हणून मान दिला. या परंपरेला आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तोलाचे घर फातोर्ड्याने मिळवून दिले.

क्रिकेट : फुटबॉलबरोबर येथे क्रिकेटही खेळले गेले. 25 ऑक्टोबर 1989 रोजी नेहरू चषक स्पर्धेतील ऑस्ट्रेलिया–श्रीलंका हा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला. 6 एप्रिल 2001 रोजी ऑस्ट्रेलियाने भारताला चार गडी राखून हरवले आणि पाच सामन्यांची मालिका 3–2 अशी जिंकली. ऑक्टोबर 2010 मधील भारत–ऑस्ट्रेलिया सामना मात्र पावसामुळे होऊ शकला नाही.

क्लब फुटबॉल : साळगावकर, धेंपो व चर्चिल ब्रदर्स या गोमंतकीय क्लबांचे घरचे अनेक सामने येथे झाले. आय-लीगच्या 2007-08 ते 2012-13 या पहिल्या सहाही हंगामांची विजेतेपदे याच तीन क्लबांनी आपसांत वाटून घेतली. एवढ्या लहान राज्याच्या दृष्टीने ही कामगिरी असामान्य ठरते. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाल्यापासून हे एफसी गोवा संघाचे घरचे मैदान आहे. 20 डिसेंबर 2015 रोजी येथे झालेल्या अंतिम सामन्यात 87व्या मिनिटाला गोव्याने 2–1 अशी आघाडी घेतली होती. पण अखेरच्या क्षणी दोन गोल होऊन चेन्नईयन संघ 3–2 असा जिंकला. घरच्या प्रेक्षकांसमोर हातातून निसटलेला हा करंडक फातोर्ड्याच्या इतिहासातील सर्वांत जिव्हारी लागलेला प्रसंग म्हणावा लागेल. करोनाकाळात, 2020-21 व 2021-22 या हंगामांत, संपूर्ण लीग गोव्यातच भरवण्यात आली. त्यासाठी फातोर्ड्यासह वास्कोचे टिळक मैदान व बांबोळीचे मैदान वापरले गेले. 2020 ते 2023 या सलग चार वर्षांचे अंतिम सामने फातोर्ड्यातच झाले. त्यांपैकी 2020 व 2021 चे सामने प्रेक्षकांविना खेळवावे लागले.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल : 1999 च्या दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने येथे बांगलादेशाला 2–0 असे हरवले. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या सहा केंद्रांपैकी हे एक होते. इराणने जर्मनीला 4–0 असे चकित केले ते याच मैदानावर. पुढे विश्वविजेता ठरलेल्या इंग्लंडने अमेरिकेविरुद्धची उपांत्यपूर्व लढतही येथेच 4–1 ने जिंकली. एप्रिल 2021 मध्ये एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. गटातील सामने येथेच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. संघाने तीन बरोबरींसह तीन गुण मिळवले. मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने ऑक्टोबर 2022 मध्ये येथे रंगले.

अन्य उपयोग : 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे उद्घाटन 26 ऑक्टोबर 2023 रोजी या स्टेडियममध्ये झाले.

महत्त्व : महानगरांतील भव्य क्रीडांगणांच्या तुलनेत फातोर्डा लहान आहे. त्याचे मोठेपण आसनसंख्येत शोधू नये. गावच्या मैदानावर खेळू लागलेल्या गोमंतकीय खेळाडूला राज्य न सोडता देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये आणि आशियातील नामांकित क्लबांविरुद्ध उतरण्याची संधी या मैदानाने दिली. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात त्याचे स्थान यामुळेच पक्के झाले आहे.