जुन्या कागदातली ‘गुन्हेगारी’

‘काय बाई, गुन्हेगारी वाढली!’ हे वाक्य ठाणे-डोंबिवलीच्या लोकलमध्ये रोज कानावर येतं. पण पेशवाईतल्या हिशेबाच्या कागदात ‘गुन्हेगारी’ दिसली, तर तिचा अर्थ दंड. रोख भरलेला दंड.

तेव्हा आपला हा मुलूख ‘प्रांत कल्याण-भिवंडी’ म्हणून कागदोपत्री येई. दंड काही फक्त चोरालाच होत नव्हता. वतनाच्या भांडणात जो हरला, तोही सरकारात गुन्हेगारी भरी. जो जिंकला तो ‘हरकी’ देई, म्हणजे आनंदाची रक्कम. सरकारची दोन्हीकडून कमाई! आता मोडी कागद वाचणाऱ्या एखाद्याने दिसेल ती ‘गुन्हेगारी’ एक गुन्हा म्हणून मोजली, तर वतनाचं भांडणही चोरीच्या रांगेत जाऊन बसेल. आणि ज्याच्याकडे भरायला दमडी नव्हती, तो जमेच्या बाजूला सापडणारच नाही.

‘राजीनामा’सुद्धा तसाच. आज तो मंत्री देतात. तेव्हा वादी-प्रतिवादी लिहून देत, की जो निवाडा होईल तो आम्हाला राजी.

बायकांच्या बाबतीत शब्द जास्त जपून वाचावे लागतात. ‘कुणबीण’ म्हटलं की शहापूर-मुरबाडची शेतकरीण डोळ्यांपुढे येते. त्या कागदांत मात्र कुणबीण म्हणजे पुष्कळदा विकत घेतलेली किंवा सरकारजमा झालेली दासी. ती दासी कशी व्हायची? त्याचं एक उत्तर ‘बदअंमल’ या शब्दात आहे. लग्नाबाहेरच्या संबंधाला हा शब्द लावत. त्या आरोपावरून बाईला किल्ल्यावर कैदेत पाठवत, नाहीतर सरकारी कामाला कुणबीण म्हणून ठेवत. ती आपल्या मर्जीने गेली होती की तिच्यावर जबरदस्ती झाली होती, हे त्या एका शब्दातून कळत नाही. म्हणून तक्रार कुणी केली, पुरुषाला काय शिक्षा झाली, बाईचा जबाब घेतला होता का, हे शोधावं लागतं. पुष्कळदा जबाब नसतोच. मला वाटतं, तिथे ‘बाई वाईट चालीची होती’ असं लिहून मोकळं होणं हा दुसरा अन्याय आहे.

पुढे इंग्रजांचा दंडसंहितेचा कायदा १८६० साली झाला. त्याच्या कलम ४९७ ने व्यभिचारात बाईला शिक्षा ठेवली नाही. पण तक्रारीचा हक्क तिच्या नवऱ्याला होता, जणू त्याचा माल चोरीला गेला! सर्वोच्च न्यायालयाने ते कलम सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं.

आजच्या कागदातही ‘पळून गेली’ आणि ‘पळवून नेली’ यांत फरक एवढासाच दिसतो, पण गुन्हाच बदलतो. तुम्ही पोलीस ठाण्यात सांगितलेली फिर्याद तुम्हाला वाचून दाखवावी लागते, तिची प्रतही फुकट मिळते. सही करण्याआधी तो एक शब्द कोणता लिहिलाय, ते विचारा.