मोअर लाइकली दॅन नॉट

एखादी गोष्ट न घडण्यापेक्षा घडण्याचा संभव अधिक आहे, असे सांगणारा इंग्रजी वाक्प्रयोग. शेवटच्या ‘नॉट’नंतरचे शब्द गाळलेले असतात, तेथे ‘घडणे’ हे क्रियापद गृहीत धरायचे. ‘मोअर लाइकली दॅन नॉट, इट विल रेन’ याचा अर्थ पाऊस येण्याचे पारडे जड आहे, एवढाच. किती जड, हे त्यातून कळत नाही. शंभरांत ५१ वेळा घडणारी गोष्ट या शब्दांत बसते, तशी ९५ वेळा घडणारीही बसते. रोजच्या बोलण्यात मात्र ऐकणारा त्यातून ‘जवळजवळ नक्की’ असा अर्थ घेतो, आणि बोलणाऱ्याच्या मनातही पुष्कळदा तेच असते.

काटेकोर अर्थ सर्वांत जास्त जपला गेला तो न्यायालयांत. दिवाणी दाव्यात वस्तुस्थिती निःसंशय सिद्ध व्हावी लागत नाही. ती नसण्यापेक्षा असण्याचा संभव अधिक दिसला की पुरते. इंग्लंडमध्ये १९४७ च्या एका निवृत्तिवेतनाच्या खटल्यात न्या. डेनिंग यांनी ही कसोटी ‘मोअर प्रॉबेबल दॅन नॉट’ अशा जवळच्या शब्दांत मांडली. भारतात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वैवाहिक दाव्यात क्रूरतेच्या आरोपालाही संभाव्यतेच्या पारड्याचीच कसोटी लावली; तो निकाल न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा. फौजदारी खटल्यातला आरोप मात्र वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो.

विज्ञानात या शब्दांना आकडा मिळाला. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांत ‘मोअर लाइकली दॅन नॉट’ म्हणजे ५० टक्क्यांहून अधिक, नुसते ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के संभाव्यता. म्हणजे या मोजपट्टीवर हा लांबलचक प्रयोग नुसत्या ‘लाइकली’पेक्षा सौम्य ठरतो, बोलीत नेमके उलट वाटते. मंडळाच्या २०२१ च्या अहवालात, उत्सर्जन कमी ठेवले तरी २०२१ ते २०४० या काळात तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाण्याबाबत हेच शब्द आहेत. तेथे ‘जवळजवळ नक्की’ असे वाचले तर विधानच बदलते.

दोन जवळचे प्रयोग वेगळे ओळखावे लागतात. ‘ॲज लाइकली ॲज नॉट’मध्ये दोन्ही पारडी सारखी असतात. अमेरिकेत माजी सैनिकाचा आजार सेवेमुळे झाला की नाही, याचा पुरावा असा समतोल असला तरी कौल सैनिकाच्या बाजूने दिला जातो. तेथे शब्दांच्या एवढ्याशा फरकावर माणसाचा भत्ता अवलंबून असतो. ‘मोअर ऑफन दॅन नॉट’ हा प्रयोग वारंवारतेचा आहे: अनेक प्रसंगांपैकी निम्म्याहून अधिक वेळा.

मराठीत याला सहसा ‘बहुधा’ किंवा ‘बहुतेक’ हे शब्द योजले जातात. बोलीतल्या अर्थाला ते पुरतात. कायदा आणि विज्ञान यांच्या अनुवादात ते चालत नाहीत, कारण ‘बहुधा’त खात्री बरीच जास्त आहे, आणि ‘बहुतेक’ तर संभव व वारंवारता दोन्हींकडे झुकतो: ‘तो बहुतेक येईल’, पण ‘बहुतेक वेळा येतो’. ‘आला असावा’ या रूपात बोलणाऱ्याचा तर्क कळतो, तुलना कळत नाही. अशा ठिकाणी ‘न होण्यापेक्षा होण्याचा संभव अधिक’ अशी थोडी लांब, पण नेमकी रचनाच वापरावी.