मेणाचे नाक, मेणाचे इंजेक्शन: पुण्यापासून फिलरपर्यंत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत असो वा पुण्याच्या कर्वे रस्त्यावर, त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरच्या फलकावर 'फिलर' हा शब्द आता सहज दिसतो. गालाचा उतरलेला भराव, ओठांच्या कडेच्या रेषा, डोळ्यांखालची खळगी सुईने भरून देण्याची ही विद्या. ती काल-परवाची वाटते. परंतु चेहरा भरून काढण्याच्या इतिहासातला एक महत्त्वाचा अध्याय पुण्याजवळ घडला आहे, आणि त्यात मेणही आहे.

इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्या १७९२ पर्यंत चाललेल्या युद्धात कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. नाव पारशी वाटते, पण इंग्रजी वृत्तान्त त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नकट्या चेहऱ्याने वावरला आणि मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचे वर्णन चित्रासह छापले गेले. रुग्णाचे नाव उरले, पाहणाऱ्यांची नावे उरली. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

पद्धत अशी. मेणाची पातळ चकती नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून हवे तसे नाक घडवायचे. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्याभोवती रेघ ओढायची. त्या मापाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला एक देठ तसाच जोडलेला ठेवायचा. कातडी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. सांध्यावर पाण्यात भिजवलेल्या काताचा लेप असलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. तो देठ कापायचा थेट पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास.

या वर्णनात नजर ठरावी ती त्या देठावर. भुवयांच्या आतल्या टोकाजवळून कपाळाकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आहेत. त्यांतल्या एकीला आज वैद्यकात सुप्राट्रॉक्लिअर धमनी म्हणतात. कपाळाची सोडवलेली कातडी या वाटेने येणाऱ्या रक्तावर जगते. देठ लवकर कापला असता तर नवे नाक काळे पडून गळले असते. पुण्याजवळच्या त्या कारागिराला धमनीचे लॅटिन नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण रक्त कुठून येते हे त्याच्या हाताला पक्के कळले होते. आणि मेण? ते माप घेऊन झाल्यावर बाजूला ठेवले जाई. शरीरात जाई ती रुग्णाची स्वतःची जिवंत कातडी.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने हे वर्णन वाचून आधी मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. त्याचे पुस्तक १८१६ मध्ये आले आणि पुण्याचे नाक युरोपभर पसरले.

मग एकोणिसावे शतक संपता संपता सुई आली. १८९३ मध्ये जर्मनीच्या गुस्ताव नॉयबर याने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणात भरली होती. पण चरबी काढायची म्हणजे आणखी एक जखम. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी याने सोपी वाट शोधली. क्षयामुळे अंडकोष काढावे लागलेल्या एका तरुणाच्या रिकाम्या त्वचेत त्याने व्हॅसलिन टोचले. प्रयोग साधल्यासारखा दिसला आणि लवकरच उपदंशाने बसलेली नाके आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पॅराफिनने भरल्या जाऊ लागल्या. पुण्याच्या माणसाने बाहेर ठेवलेले मेण व्हिएन्नाने आत घातले.

परिणाम दोन प्रकारचे झाले. पहिला सावकाश येणारा: मेण सरकते, त्याच्याभोवती शरीर कठीण गाठी बांधते, कातडी लाल होऊन फुटते. त्या गाठींना 'पॅराफिनोमा' असे नावच पडले. मेण ऊतींमध्ये इतके मुरलेले असे की ते काढायचे तर चेहराच कापावा लागे. दुसरा परिणाम क्षणार्धात होणारा: नाकात पॅराफिन टोचताच रुग्णाची दृष्टी गेल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. इशारा इतका जुना आहे.

ग्लॅडिस डीकन हे त्या काळातील युरोपातल्या गाजलेल्या सौंदर्यवतींपैकी एक नाव. नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून विशीच्या सुरुवातीलाच तिने नाकाच्या दांड्यात पॅराफिन भरून घेतले. कालांतराने मेण खाली हनुवटीकडे उतरले. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली, पण उतारवयात लोकांची नजर टाळत राहिली. १९७७ मध्ये, नव्वदी ओलांडून, ती वारली. मेणाने तिची सोबत सत्तरहून अधिक वर्षे केली.

याच दशकांत कोल्हापुरात चेहऱ्याचा वेगळाच व्यवसाय उभा राहत होता. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जाऊ लागला आणि वय लपवण्याची गरज नटनट्यांपुरती तरी खरी झाली. तिथे उपाय होता रंगभूषेचा. चित्रण संपले की रंग धुऊन टाकता येई. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे, कारण फिलरचा पुढचा सारा इतिहास 'घातलेले परत काढता येते का' या एका प्रश्नाभोवती फिरतो.

द्रव सिलिकॉनने त्याचे उत्तर 'नाही' असेच दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये औद्योगिक सिलिकॉन स्त्रियांच्या स्तनांत टोचले गेले, ती लाट अमेरिकेत पोचली, आणि गाठी, जंतुसंसर्ग, विद्रूपता यांचा तोच पाढा पुन्हा गिरवला गेला. अमेरिकेच्या नेवाडा राज्याला सत्तरच्या दशकात या इंजेक्शनांना गुन्हा ठरवावे लागले. १९८१ मध्ये गायीच्या कातड्यापासून केलेल्या कोलॅजनला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते काही महिन्यांत विरघळे, पण शंभरातील सुमारे तिघांना त्याची अ‍ॅलर्जी निघे. म्हणून आधी हातावर चाचणी घेऊन आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे.

आजच्या बहुतेक फिलरांतला पदार्थ हायल्युरॉनिक आम्ल. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो गायीच्या डोळ्यातील द्रवातून वेगळा केला. पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यातून काढला जाई, आता मुख्यतः जिवाणूंकडून तयार करून घेतला जातो. माणसाच्या त्वचेतही तो असतोच. साखळ्या एकमेकींत गुंफून त्याची जेल केली की ती महिनोन्‌महिने टिकते. अशा जेलला अमेरिकेने डिसेंबर २००३ मध्ये सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. तिचा खरा गुण मात्र टिकण्यात नाही. हायल्युरॉनिडेझ नावाचे विकर टोचले की ती विरघळते. हे विकर नेत्रशल्यचिकित्सकांच्या ओळखीचे आहे, डोळ्याभोवती भूल नीट पसरावी म्हणून ते वापरतात. मेण आणि सिलिकॉन यांना असा उतारा कधीच मिळाला नाही.

तरीही १९०० च्या सुमाराचा धोका संपलेला नाही, आणि इथे पुन्हा तो देठ आठवावा लागतो. भुवयांमधल्या आणि नाकाच्या दांड्यावरच्या धमन्या डोळ्याला रक्त देणाऱ्या धमनीच्याच शाखा आहेत. सुईचे टोक चुकून धमनीत शिरले आणि जेल जोराने दाबली गेली, तर ती रक्ताच्या उलट दिशेने मागे जाते. दाब सुटताच रक्ताबरोबर पुढे वाहून दृष्टिपटलाच्या धमनीत अडकते. दृष्टिपटल रक्ताविना फार काळ तग धरत नाही, तास-दीड तासाच्या आत नुकसान कायमचे होऊ शकते. कावसजीच्या नव्या नाकाला ज्या वाटेने जीवन मिळाले, त्याच वाटेने आज अंधत्व येऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर विकर टोचूनही दृष्टी परतेलच असे नाही.

म्हणून जाणता डॉक्टर भुवयांमध्ये आणि नाकावर हात आखडता घेतो. जेल थोडी थोडी आणि सावकाश सोडतो, अनेक ठिकाणी धारदार सुईऐवजी बोथट टोकाची नळी वापरतो. टोचताना कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग उमटले, असह्य कळ आली किंवा नजर अंधुक झाली तर तो त्याच क्षणी थांबतो. 'उद्या बघू' ही सबब इथे चालत नाही. चेहऱ्याच्या धमन्यांची जाण व्हिडिओ पाहून येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये केशरोपण व सौंदर्यप्रक्रियांविषयीच्या सूचनांत व्हिडिओ वा कार्यशाळा पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे बजावले आहे.

राजारामपुरीतल्या त्या फलकाखालून आत जाणाऱ्याने विचारायचे प्रश्न या इतिहासातूनच निघतात. सुई कोणाच्या हातात असणार, आणि तो नोंदणीकृत, या कामाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर आहे का? पदार्थ कोणता, त्याची मोहोरबंद पेटी समोर फोडली जाते का, वर नाव, तुकडी क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का? तो विरघळणारा आहे की कायमचा? आणि विरघळवणारे विकर या क्षणी, याच खोलीत, शीतपेटीत ठेवलेले आहे का?