तळटीप : बाहुलीची साक्ष

३. ‘डॉक्टर बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवत राहिले’ : लेखकाने ही तपासणी एका वाक्यात उरकली असली, तरी पुढचे सारे निदान तिच्यावरच उभे आहे. एका डोळ्यावर उजेड पडला की निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसतात. एका बाजूच्या दृष्टिचेतेला इजा झाली असेल, तर चांगल्या डोळ्यावरचा झोत अधू डोळ्यावर नेताच त्याची बाहुली आकसलेली न राहता मोठी होऊ लागते. उजेड तेवढाच असतो, पण मेंदूकडे खबर कमी पोचते. झोत असा आलटून-पालटून टाकण्याची पद्धत लेव्हाटिन यांनी १९५९ मध्ये मांडली.

काचबिंदूने दोन्ही डोळ्यांचे सारखेच नुकसान केले असेल, तर तुलनेला चांगला डोळाच उरत नाही आणि ही खूण हुकते. दृष्टिक्षेत्राचा नेमका कोणता भाग गेला, हेही बॅटरीने कळत नाही. त्यासाठी यंत्र एकेका जागी उजेडाचा ठिपका दाखवते आणि इन्फ्रारेड कॅमेरा बाहुली किती आकसली ते टिपतो. नेहमीच्या चाचणीत ठिपका दिसताच रुग्णाने बटण दाबायचे असते. लहान मुलाला किंवा थकलेल्या वृद्धाला ते जमत नाही, म्हणून या पद्धतीचे मोल मोठे.

मूळ मजकुरात बाहुली मोठी करणारे थेंब आधी घातल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात ही तपासणी थेंबांपूर्वीच करतात. औषधाने विस्फारलेली बाहुली उजेडाला दाद देत नाही. — संपादक