बर्लिनमधली कबड्डी: दाखवली, पण रुजली का?

‘१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी होती’ हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. जरा थांबा. त्या ऑलिंपिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच: बेसबॉल आणि ग्लायडिंग. कबड्डी तिथे नेली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये काढलेली ही संस्था. तिच्या पथकाने ऑलिंपिकच्या काळात बर्लिनमध्ये देशी खेळ करून दाखवले. म्हणजे ऑलिंपिकच्या वेळी, पण ऑलिंपिकच्या यादीत नाही. फरक छोटा वाटतो, तोंडी परीक्षेत मात्र नेमका तिथेच प्रश्न येतो.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पथक मायदेशी परतलं, जर्मनीत त्यातून कबड्डी काही रुजली नाही. आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ व्हायलाही १९९०चं बीजिंग उजाडलं. उलट ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल बघा. डेन्मार्कमध्ये १९८९पासून त्याची लीग आहे, कारण ती सुरू करणारे ऑस्ट्रेलियन तिथेच राहत होते आणि त्यांनी डॅनिश पोरांना संघात घेतलं.

भिवंडीत तर यंत्रमागामुळे कुठून कुठून माणसं येऊन राहिली. तिथल्या एखाद्या क्रीडा मंडळावर लिहायला घ्याल तेव्हा ढाली नंतर मोजा. आधी जुन्या हजेरीवह्या मागा आणि खेळाडूंची मूळ गावं बघा.