शामराव हिवाळे : मैकलच्या गाण्यांचा विस्मृतीत गेलेला श्रोता

गोंदियाहून उत्तरेकडे निघाले, की बालाघाटच्या पुढे मैकलची डोंगररांग लागते. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात भेटलेले व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे १९३२ मध्ये याच भागातील करंजिया गावी गोंडांची सेवा करण्यासाठी आले.

तेथे रात्री मांदरच्या तालावर करमा नाच रंगत असे. सेवेसाठी आलेले दोघे हळूहळू श्रोते झाले. १९३५ मध्ये ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ आणि १९४४ मध्ये ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ हे गीतसंग्रह दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले.

१९४६ मध्ये शामरावांनी परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य घेऊन ते गोंड यजमानांच्या दारी जात, त्यांच्या पूर्वजांच्या गाथा गात आणि दान स्वीकारत.

आज एल्विन सर्वपरिचित आहेत. शामरावांचा उल्लेख बहुधा त्यांचे सहकारी एवढाच होतो. मात्र दोघांनाही या गाण्यांचे ‘शोधक’ म्हणणे योग्य नव्हे. ती हरवलेली नव्हतीच. गाणाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली होती. मुखपृष्ठावर नावे आली ती मात्र ऐकणाऱ्यांची.